फास्टर फेणेला परत शाळेत घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बऱ्याच दिवसांपासून एक विषय डोक्यात आहे, आज लिहूनच टाकते. जरा लांबलंय, छापताना कापाकापी केलीत तरी चालेल, फक्त मुद्दा ठेवा. मुद्दा असा की आपल्याकडे पुस्तकातला मुलगा पडद्यावर आणताना त्याला मोठा करायचा मोह आवरत नाही, आणि त्यामुळे ज्या वयाच्या पोरांचा तो आहे त्यांना तो मिळतच नाही. मी बोलतेय आपल्या फास्टर फेणेबद्दल.

आमच्या सोसायटीत मी संध्याकाळी मुलांना पुस्तकं देते, घरातलंच एक कपाट आहे, फार मोठं काही नाही. त्यात फाफेची, म्हणजे फास्टर फेणेची, पुस्तकं सगळ्यात जास्त फिरतात. हो, अजूनही फिरतात, इंग्लिश मीडियमची मुलंसुद्धा नेतात, अडखळत वाचतात पण नेतात. पाचवीतला एक मुलगा दोन पुस्तकं संपवून आला आणि त्याच्या बाबांनी त्याला कौतुकाने सिनेमा लावून दिला. दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारतो, आज्जी, यातला फेणे तर दादा आहे, मग लहान फेणेचा पिक्चर कुठला? मी त्याला नाव सांगू शकले नाही, कारण आत्ताच्या मुलाला दाखवता येईल असा लहान फेणेचा सिनेमा निघालेलाच नाही.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे, पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकायला आलेला, किडकिडीत, सायकलवर तुफान वेगात फिरणारा, काही सुचलं की तोंडाने 'ट्टॉक' करणारा. भा. रा. भागवतांनी त्याच्यावर वीसेक पुस्तकं लिहिली, उत्कर्ष प्रकाशनाने ती आजवर मिळत राहतील असं बघितलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. प्रतापगड, गुलमर्ग, जंगलातलं सिनेमाचं शूटिंग, विमानचोर, हा मुलगा कुठे म्हणून जाऊन आला नाही! भागवतांचा जन्म १९१० चा आणि ते गेले २००१ मध्ये, म्हणजे सायकलींचं पुणं, नंतर स्कूटरींचं पुणं, दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत झालं. 'बालमित्र' मासिक त्यांनी चालवलं, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणला. या माणसाने आयुष्यभर मुलांसाठी लिहिलं. मोठ्यांनी आठवणी काढत हळवं व्हावं म्हणून लिहिलं नाही, मुलांनी वाचावं म्हणून लिहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पडद्यावर फाफे ठळकपणे दोनदा आला. पहिल्यांदा ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर, तेव्हा सुमीत राघवन फेणे झाला होता, आणि तो तेव्हा खरोखरच पोरसवदा होता. आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, शेजारची मुलं येऊन जमिनीवर बसायची. आजच्या मानाने सगळं साधं होतं, मारामाऱ्या साध्या, कॅमेरा साधा. पण एक गोष्ट बरोबर होती, समोर बसलेल्या मुलांच्याच वयाचा मुलगा पडद्यावर धावत होता.

दुसऱ्यांदा आला तो २७ ऑक्टोबर २०१७ ला, आदित्य सरपोतदारांच्या सिनेमात. अमेय वाघ फेणे झाला. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला तो पुण्यात येतो, परीक्षेत शेजारी बसलेल्या मुलाच्या मृत्यूची बातमी येते, आत्महत्या आहे म्हणतात, फेणेला ते पटत नाही आणि त्यातून परीक्षांचं अख्खं रॅकेट बाहेर येतं. मला सिनेमा आवडला, हे आधी स्वच्छ सांगते, नाहीतर लोक म्हणतील या बाईला काहीच पटत नाही. गिरीश कुलकर्णींचा व्हिलन अप्पा बघून मला खरंच भीती वाटली होती. दिलीप प्रभावळकर स्वतः भा. रा. भागवत होऊन सिनेमात येतात ही कल्पना तर इतकी सुंदर, थिएटरमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि विषय पुण्याचाच, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत आणि क्लासच्या बाहेर पाठीला सॅक लावून उभी असलेली बाहेरगावची मुलं आपण रोज बघतो, त्यांच्या जिवावर कोण पैसे करतं हे दाखवायला हिंमत लागते.

पण तो सिनेमा पाचवी-सहावीतल्या मुलाचा नव्हता. तो आमचा होता, म्हणजे ज्यांनी लहानपणी फाफे वाचला आणि आता जे नोकऱ्या-बिकऱ्या करतात किंवा माझ्यासारखे रिटायर झालेत त्यांचा. आम्ही मोठे झालो म्हणून आमच्याबरोबर फेणेलाही मोठा केला. त्यात खून आला, गुंड आले, मेलेल्या मुलाच्या घरचं दुःख आलं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन बसलं तर मध्येच त्याचे डोळे झाकावे लागतात, आणि ज्याचे डोळे झाकावे लागतात त्याच्यासाठी तो सिनेमा केलेला नसतो, सरळ आहे.

कोणी म्हणेल त्यात काय एवढं, चार-पाच वर्षांनी मोठा दाखवला तर काय बिघडलं. बिघडलं, आणि खूप बिघडलं, कसं ते सांगते. फाफेच्या गोष्टी चालतातच मुळी तो लहान आहे म्हणून. त्याला काहीतरी दिसतं, तो मोठ्यांना सांगतो, मोठे म्हणतात जा अभ्यास कर. इथून गोष्ट सुरू होते! त्याच्याकडे पैसे नाहीत, गाडी नाही, ओळखी नाहीत, पोलीस चौकीत त्याला कोणी खुर्ची देत नाही. आहे काय तर सायकल, भिरभिरणारे डोळे आणि एक-दोन दोस्त. मग तो या एवढ्यावर मोठ्या माणसांना पुरून उरतो आणि वाचणारं पोर मनात म्हणतं, सायकल तर माझ्याकडेपण आहे. हे जे 'माझ्याकडेपण आहे' वाटणं आहे ना, त्यासाठी मुलं पुस्तक परत परत नेतात. वीस वर्षांच्या तरण्याताठ्या मुलाने गुंडाला लोळवलं तर मुलं टाळ्या वाजवतील, वाजवतातच, पण ते शौर्य कुणा दुसऱ्याचं असतं, असे हिरो त्यांना टीव्हीवर रोज दहा मिळतात. शिवाय मोठ्या हिरोला कोणी 'जा अभ्यास कर' म्हणून गप्प करू शकत नाही, त्यामुळे लेखकाला व्हिलन आणखी भयंकर करावा लागतो, त्याच्या हातात हत्यारं द्यावी लागतात, आणि हिंसा आपोआप वाढते. वय वाढवलं की हे सगळं मागोमाग येतंच, मग दिग्दर्शक कितीही चांगला असो.

आणि लहान मुलाला घेऊन मराठीत सिनेमा होत नाही असंही नाही. बोक्या सातबंडे बघा. प्रभावळकरांचा बोक्या आधी आकाशवाणीवर होता, मग पुस्तकांत आला, आणि २००९ मध्ये सिनेमा आला तेव्हाही तो शाळकरी मुलगाच राहिला, शाळकरी मुलानेच केला. चिंटूचं उदाहरण तर आपल्या पुण्याचंच आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून 'सकाळ'मध्ये यायला लागला, चौकटींच्या चित्रमालिकेतला मुलगा, डोक्यावर केस उभे, सोबत पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू. वीस वर्षं रोज छापून आला तरी तो एका दिवसाने मोठा झाला नाही. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोलेंनी त्याचा सिनेमा केला तेव्हा चिंटू आता कॉलेजला गेलाय असं दाखवायचं सोपं होतं, ज्यांनी नव्वदीत चिंटू वाचला ते सगळे तेव्हा पंचविशी-तिशीत होते, तिकीटं त्यांनीच काढायची होती. पण नाही केलं त्यांनी तसं. शुभंकर अत्रे नावाचा मुलगा चिंटू झाला, भांडण होतं मुलांच्या खेळायच्या मैदानाचं, आईबाबा होते विभावरी देशपांडे आणि सुबोध भावे. मे महिन्याच्या सुट्टीत आला आणि पोरंच्या पोरं गेली बघायला, पुढच्या वर्षी दुसरा भागपण काढला. मला स्वतःला त्यात गाणीबिणी थोडी जास्त वाटली, चित्रातला चिंटू दोन वाक्यात जी मजा करतो ती सिनेमात पसरट होते, तरी मुलांचं मैदान मुलांनीच परत मिळवलं याचं मला फार समाधान वाटलं. पुण्यात मैदानं कशी जातात आपल्याला माहितीये.

बाहेरच्या देशातली दोन उदाहरणं देते, नात तिकडे असते म्हणून मला बघायला मिळाली. रेमंड ब्रिग्ज या इंग्लंडच्या चित्रकाराचं १९७८ चं 'द स्नोमॅन' नावाचं एक पुस्तक आहे, एका मुलाने केलेला बर्फाचा माणूस रात्री जिवंत होतो, आख्ख्या पुस्तकात शब्द एक नाही, नुसती रंगीत पेन्सिलची चित्रं. १९८२ मध्ये तिकडच्या चॅनल फोरवर त्याची साधारण पंचवीस मिनिटांची फिल्म झाली, ती दर नाताळात लावतात. गंमत म्हणजे पुस्तकात नाताळ नाहीच, सांताक्लॉजसुद्धा फिल्मवाल्यांनी घातला. म्हणजे बदल केलाच की त्यांनी! पण मुलगा तेवढाच ठेवला आणि चित्रांचा तो पेन्सिलचा मऊपणा तसाच ठेवला. दुसरं म्हणजे ग्रफेलो. जूलिया डॉनल्डसनने लिहिलेलं आणि अॅक्सेल शेफलरने चित्रं काढलेलं १९९९ चं पुस्तक, एक छोटा उंदीर जंगलातल्या कोल्ह्याला, घुबडाला, सापाला एका राक्षसाचं नाव सांगून घाबरवतो आणि मग तो राक्षस खरंच समोर येतो. २००९ च्या नाताळात बीबीसीने अर्ध्या तासाची फिल्म दाखवली. पुस्तक वाचायला पाच-सात मिनिटं लागतात, मग अर्धा तास भरायचा कसा, तर त्यांनी एक खारुताई आणली जी आपल्या पिल्लांना ही गोष्ट सांगते, आणि बाकी जंगल सावकाश दाखवलं. उंदराला काही पूर्वायुष्य दिलं नाही, त्याचा बाप कोणी मारला वगैरे घुसडलं नाही. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली ती फिल्म. नातीने ती किती वेळा बघितली त्याला गणती नाही आणि दर वेळी नंतर पुस्तकच मागितलं.

तेव्हा माझं म्हणणं असं अजिबात नाही की पुस्तकातलं एक अक्षर हलवू नका. हलवा. आजच्या काळात आणा. फाफेकडे मोबाइल द्यायचा का नाही ते ठरवा, मी तर म्हणेन नको, शाळेत तसाही नेऊ देत नाहीत. पण इयत्ता बदलू नका. सहावी-सातवी, फार तर आठवी, बास.

आणि गोष्टी काय कमी आहेत का आज? फुरसुंगीच घ्या. फेणेचं गाव म्हणून आम्ही लहानपणी त्याची कल्पना करायचो, शेतं, विहिरी, सासवडकडे जाणारा रस्ता. नंतर उरुळी देवाची-फुरसुंगीचं नाव पेपरात आलं ते कचरा डेपोमुळे. आख्ख्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे टाकला, विहिरींचं पाणी खराब झालं म्हणून गावकरी आंदोलनं करत राहिले. ज्या ऑक्टोबर २०१७ मध्ये सिनेमा आला त्याच महिन्यात फुरसुंगी महापालिकेच्या हद्दीत घेतली, पुढे परत वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. आता मला सांगा, सुट्टीत घरी गेलेला बारा वर्षांचा बनेश, विहिरीचं पाणी का बदललं याचा शोध घेतोय, रात्री कोणते ट्रक येतात त्यांचे नंबर वहीत लिहितोय, सायकलवर त्यांच्या मागे जातोय, आणि गावातले मोठे त्याला म्हणतायत तू यात पडू नकोस. यात भीती आहे, थरार आहे, आणि एकही खून नाही. भागवत असते तर त्यांनी लिहिलीच असती ही गोष्ट असं मला मनापासून वाटतं. मुठा नदीची, टेकड्यांवरच्या झाडांची गोष्ट होईल, शनिवारवाड्यामागच्या एखाद्या पडक्या वाड्याच्या तळघराची होईल.

सायकलींसाठी तर लांब जायला नको, कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल म्युझियम आहे, जुन्या जुन्या सायकली काय जपल्यात तिथे! ज्या मुलांना वाटतं पुण्यात कायम ट्रॅफिकच होता त्यांना तिथे न्यावं. जुन्या काळातला फाफे करायचा असेल तर निर्मात्यांनीही एकदा जाऊन यावं, मला वाटतं नुसतं बघूनच दोन-चार सीन सुचतील.

अडचणी आहेत, मला कळतं. मुलांच्या सिनेमाला थिएटर मिळत नाही, मिळालं तर सकाळी साडेनऊचा शो, ज्या वेळी मुलं शाळेत. स्टार असल्याशिवाय पैसा कोणी लावत नाही आणि बारा वर्षांचा स्टार आणायचा कुठून. पण २०१४ मध्ये परेश मोकाशींनी पंढरपूरच्या दोन लहान भावंडांचा आणि एका सायकलचा सिनेमा केलाच ना, एलिझाबेथ एकादशी, स्टार कोणी नव्हता, लोकांनी डोक्यावर घेतला, सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरी अडचण मुलांच्या वाढीची. सिरीज करायची तर पहिला भाग आणि दुसरा भाग यात दोन वर्षं गेली की पोराचा आवाज फुटतो, मिसरूड येतं. कायद्याने मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणून मी म्हणते एकच मोठा सिनेमा करायच्या मागे लागूच नका. अर्ध्या अर्ध्या तासाच्या सहा गोष्टी करा, एका पुस्तकातलं एकेक प्रकरण घ्या, एका मे महिन्यात शूटिंग उरका. नाहीतर अॅनिमेशन करा, त्यात मुलगा वाढतच नाही आणि मुखपृष्ठावरून मुलांच्या डोळ्यांत बसलेला फेणे तसाच हलताना दिसेल. लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट, आहे, शहरात अॅनिमेशन शिकवणारी कॉलेजं आहेत, त्यातल्या मुलांना दरवर्षी काहीतरी प्रोजेक्ट करायचाच असतो. हक्कांचं भागवतांच्या कुटुंबीयांशी आणि प्रकाशकांशी रीतसर बोलूनच, अर्थात.

एक आणखी, लहानच मागणी आहे. दूरदर्शनची ती जुनी मालिका एखाद्या रविवारी सकाळी एनएफएआयच्या (राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या) सभागृहात मुलांना दाखवता आली तर बघावं. आमच्या सोसायटीतून वीसेक मुलं तर मीच घेऊन येते, येताना बसने, सगळ्यांची तिकीटं मी काढीन. आजची मुलं जुनं चित्र बघून कंटाळतात असं म्हणतात, मला तसा अनुभव नाही, गोष्टीतला मुलगा त्यांच्याएवढा असला की ती रंग बघत नाहीत.

निर्माते-दिग्दर्शकांपैकी कोणी आपला पेपर वाचत असेल, आणि वाचतच असतील, तर त्यांना सांगते, फाफेसाठी ऑडिशन घ्याल तेव्हा कोथरूड-बाणेरच्या अॅक्टिंग क्लासमध्येच घेऊ नका. फुरसुंगीच्या, हडपसरच्या, उरुळीच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये जा, मधल्या सुट्टीत जा, सायकल चालवायला सांगा. किडकिडीत आणि बडबडी मुलं तिथे भरपूर आहेत, आणि त्यांना गावची भाषाही शिकवावी लागणार नाही.

आपली,
एक जुनी वाचक
कोथरूड, पुणे